मागच्या इमारतीची जकात

आमच्या सरांना कुणी नुसतं 'कसं काय, बरं आहे ना?' विचारलं, तरी पाचव्या वाक्याला ते अमेरिकेत पोचलेले असायचे. बरं, अमेरिका आत्ताची नव्हे. कुणाचा मुलगा तिकडे लागला, कुणाची सून तिकडून चॉकलेटं घेऊन आली, यात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांची अमेरिका दोनशे वर्षांपूर्वीची. नुकतीच इंग्रजांच्या हातातून सुटलेली, खिसा रिकामा, घरात तेरा भावंडं आणि प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. या अमेरिकेत सरांचं रोजचं जाणं-येणं होतं. खऱ्या अमेरिकेत ते कधी गेले नाहीत. पासपोर्टच काढला नव्हता. लालबागच्या आमच्या चाळीतून निघायचं, परळच्या कॉलेजात चालत जायचं आणि चालत परत यायचं, एवढाच त्यांचा प्रवास.

मी त्यांची शेजारीण आणि विद्यार्थिनी, दोन्ही. आज मी स्वतः इतिहास शिकवते ते त्यांच्यामुळेच, हे आधीच सांगून टाकते. पुढे त्यांची थोडी टिंगल येईल, तेव्हा कुणाचा गैरसमज नको.

टी.वाय.ला अमेरिकेचा इतिहास हा पेपर ऐच्छिक होता. बहुतेकजण तो सोडूनच द्यायचे. आमच्या वर्षी तो घेणारे निघाले तेरा. ऑफिसातले क्लार्क तोंड वाकडं करून सांगायला आले, "सर, तेराच आलेत. पेपर बंद करायचा का?"

सर खुर्चीतून उठलेच. "तेरा? अहो, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही! बंद कसला करताय?"

मग त्यांनी आम्हा तेरा जणांना ती सुरुवातीची तेरा राज्यं वाटून टाकली. चिठ्ठ्या वगैरे काही नाही. माणूस बघायचे आणि राज्य द्यायचे. डब्यातला शेवटचा घास मैत्रिणीला देणारी एक शांत मुलगी होती, तिला शांतताप्रेमी लोकांचं पेनसिल्व्हेनिया. वडिलांचं दुकान सांभाळणाऱ्या मुलाला व्यापाऱ्यांचं मॅसॅच्युसेट्स. माझ्याकडे वळले तेव्हा मी खिडकीजवळच्या बाकावरून कुणाशी तरी कडाकडा भांडत होते. सर दोन मिनिटं ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "तू साउथ कॅरोलिना. दुसरं काही तुला शोभणारच नाही."

वर्षभर आम्ही आपापल्या राज्याच्या बाजूने भांडायचं. परदेशी मालावर जकात बसवायची की नाही, हा मुख्य वाद. उत्तरेकडच्या लोकांनी नवे कारखाने काढलेले. त्यांचं म्हणणं, बाहेरचा स्वस्त माल अडवा, नाहीतर आमचं पोर पाळण्यातच मरेल. दक्षिणेकडचे कापूस पिकवून इंग्लंडला विकणारे. ते म्हणणार, तुमच्या कारखान्यांसाठी आम्ही का महाग कापड घ्यायचं? मी हे दक्षिणेचं म्हणणं बाक आपटून मांडायचे. सर खुशीत यायचे, आणि मग खिशातून खडू काढून फळ्यावर लिहायचे, 'हा कापूस वेचला कुणी?' गुलामांनी. हे लिहिल्याशिवाय कापूस हा शब्द उत्तरपत्रिकेत आला तर सर त्या पानाचे मार्क सरळ कापायचे. "आधी हात कुणाचे लागले ते लिहा," म्हणायचे, "भाव नंतर."

सर स्वतः पक्के उत्तरेचे. त्याला कारण होतं. त्यांचे वडील गिरणीत साळखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायला. सरांच्या बोटांत तो वारसा उतरला होता. कुणाचंही कापड दिसलं की अंगठा आणि बोटाच्या मधे धरून चोळून बघायचे. बसस्टॉपवर अनोळखी माणसाची बाही धरल्याबद्दल त्यांनी दोनदा बोलणी खाल्ली होती.

माझ्या मावसबहिणीच्या लग्नाची साडी घ्यायला हिंदमाताच्या कापडबाजारात निघालो, तेव्हा आईने एक चूक केली. कापडातलं कळतं म्हणून सरांना बरोबर घेतलं. दुकानदाराने गादीवर साड्या पसरल्या. सरांनी पदर चोळला.

"विणली कुठे?"

"सुरत."

"आणि सूत?"

"सूत... साहेब, साडी घ्यायचीय की चौकशी लावायचीय?"

आई तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या मागे लपली होती. मला वाटलं, आता गेलं सगळं. पण सरांनी पायातल्या चपला काढल्या, गादीवर ऐसपैस मांडी घातली आणि दुकानदाराला सांगितलं, की अमेरिकेने आपल्या कारखान्यांसाठी पहिली भक्कम जकात बसवली, ती इंग्रजांच्या मालाइतकीच आपल्या हिंदुस्थानच्या जाड्याभरड्या कापडावरही बसवली होती. "का? कारण तुमच्या-आमच्या विणकराशी भावात टक्कर देणं त्यांना जमत नव्हतं! एवढा मोठा देश, आणि घाबरला कुणाला, तर मागावर बसलेल्या उघड्या माणसाला!" हे सांगताना सरांची छाती अशी फुगली होती, की शर्टाची बटणं ताणली गेली. दुकानदाराने पोऱ्याला हाक मारून चहा मागवला. साडी आम्हाला चांगली स्वस्तात पडली. आई परतताना म्हणाली, "पुढच्या वेळीही सरांना आणू." पण तिने पुन्हा कधी नेलं नाही.

आता चाळीबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिथे घडली.

चाळीच्या इमारती दोन. रस्त्याच्या बाजूची पुढची, मधे चौक, आणि त्यापलीकडे मागची. दोन्हीकडे कोकणातलीच माणसं, गिरणीवालीच. गिरण्या गेल्यावर पुढच्या इमारतीतल्या आठ-दहा बायका कंदील करायला लागल्या. त्यांत माझी आई. दसऱ्यापासून चौकात बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि खळीचं पातेलं मांडलेलं असायचं. आमच्या चाळीची पद्धत अशी, की दिवाळीला प्रत्येक दारावर एकसारखाच कंदील. चौकात उभं राहून वर बघितलं की सगळ्या गॅलऱ्यांना एकच रंग. लांबून माणसं बघायला यायची. उरलेले कंदील बायका बाहेर विकायच्या. माझी फी त्यातूनच जायची.

मागच्या इमारतीतली पोरं मात्र विक्रीच्या धंद्यात शिरली. छत्र्या, पिशव्या, राख्या, जे ज्या मोसमात चालेल ते घाऊक आणायचं आणि दादर स्टेशनबाहेर उभं राहायचं. त्यांच्यातला पुढारी संदेश, सरांचा सख्खा भाचा. त्याची आई म्हणजे सरांची मोठी बहीण. तिला अख्खी चाळ आक्का म्हणायची. सर लहान असताना त्यांची आई गेली. आक्काने शाळा सोडली, गिरणीतल्या माणसांची खानावळ चालवली आणि भावाला एम.ए. केलं. पुढे लग्न होऊन मागच्या इमारतीत गेली आणि विधवाही तिथेच झाली. सरांनी लग्न केलं नाही. ते कॉलेजातून परतले की साडेअकराला आक्काचा डबा चौक ओलांडून यायचा. कधी पेडवे, कधी कुळथाची पिठी. इतर वेळी सर पुस्तकी मराठी बोलायचे. डबा हातात आला की मात्र गॅलरीतून ओरडायचे, "आक्का, सोलकढी खय हा?"

मी टी.वाय.ला होते त्या वर्षी संदेशने घडीचे प्लास्टिकचे कंदील आणले. झगमगीत, टिकाऊ आणि आईच्या कंदिलाच्या निम्म्या किमतीला. मागच्या इमारतीने सगळ्या दारांवर तेच लावायचं ठरवलं. वर आमच्याच इमारतीतल्या चार घरांनीही गुपचूप घेतले. चौकात बायकांचे कंदील तसेच पडून. आई रोज मोजायची आणि पुन्हा झाकून ठेवायची.

चाळीची सभा भरली. सर उभे राहिले. वर्गात धरायचे तसा खडू नसल्याने हातात पेन होतं. तासभर बोलले, आणि सांगते, मी ऐकलेलं त्यांचं सर्वांत उत्तम भाषण ते. ठराव असा, की बाहेरचा कंदील दाराला लावला किंवा चौकातल्या जिन्याखाली साठवला, तर नगामागे जकात. जमलेल्या पैशांतून बायकांना कागद आणि कामट्या. माझी आई पदराने डोळे पुसत होती. आमच्या कष्टांना कुणीतरी देशाच्या धोरणाएवढं मोठं केलं होतं. आजही ते आठवलं की मला अभिमानाने भरून येतं.

पण शेवटी सर वाहवले. मागच्या इमारतीकडे पेन रोखून म्हणाले, "ही आपली दक्षिण. स्वस्त मालाची चटक लागलेली. स्वतःचे हात न हलवता दुसऱ्यांच्या श्रमावर जगणाऱ्या, गुलाम राखणाऱ्या त्या मळेवाल्यांसारखी!"

पुढच्या इमारतीत खोल्या जास्त. मतं पडली, ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी मागच्या इमारतीच्या जिन्यावर पुठ्ठा लटकला: 'चाळीची जकात या इमारतीत लागू नाही.' मी तो वाचला आणि अंगावर काटाच आला. अरे, हे तर माझं राज्य! साउथ कॅरोलिनाने नेमकं हेच केलं होतं. देशाने बसवलेली जकात आमच्या हद्दीत रद्द, म्हणून जाहीर करून टाकलं होतं. मी पळत जाऊन सरांना सांगितलं. आधी त्यांचे डोळे चमकले, मग चेहरा उतरला. पुढचा धडा फाटाफुटीचा, हे त्यांना ठाऊक होतं. मागच्या इमारतीने वेगळी कमिटी करायची, मधला चौक पत्रे लावून दुभागायचा, असं बोलणं सुरू झालंच होतं. इकडे आमच्या सेक्रेटरींनी जिन्याखालच्या संदेशच्या खोक्यांना कुलूप ठोकलं. सरांना विचारून. सर 'लावा' म्हणाले होते.

ऐन विक्रीच्या दिवसांत माल कुलपात. संदेश शिव्या देत होता. तेवढ्यात आक्का चौकात आली. साठी उलटलेली, ठेंगणी बाई. वर गॅलरीत सर उभे होते.

"मेल्या, माका गुलाम राखणारी म्हणतंस?" तिचा आवाज चढला नव्हता, पण अख्खी चाळ गॅलऱ्यांत येऊन उभी राहिली. "माझो झील संदेश सकाळधरना दादराक उभो आसता. तेचे हात बघ एकदा. तुझी फी मी भाकऱ्यो भाजून भरलंय. तेव्हा मी तुका खयची जकात लावलंय? ह्या वर्षी भाऊबीजेक माझ्या दाराक येव नको."

आणि वळून गेली.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला डबा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सर कोपऱ्यावरून वडापाव आणायचे आणि गॅलरीत उभ्यानेच खायचे, नजर मागच्या इमारतीकडे. आईने पोळी-भाजी पाठवली तर परत केली. "नको वहिनी, माझं भरलंय," म्हणाले. कसलं भरलंय! हाताच्या कड्यासारखं घड्याळ मनगटावरून खाली घसरायला लागलं होतं. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती. आपण कुणाच्या बाजूचे, असं आईला विचारलं, तर ती म्हणाली, "माझे कंदील गेले खड्ड्यात. पण बहिणीने भावाला ओवाळायचं नाही, असली दिवाळी मला नको."

सुट्टी लागायच्या आधीचा शेवटचा तास. सर आले, खडू घेतला, फळ्यावर काहीच लिहिलं नाही. मग म्हणाले, "साउथ कॅरोलिना, बोल. तुझ्या राज्याची बाजू मांड."

मी उभी राहिले. नेहमी बाक आपटणारी मी, त्या दिवशी हात मागे बांधून बोलले. "सर, आज राज्याची बाजू नाही मांडत. तुमची चूक सांगू का?"

सरांनी खडू खाली ठेवला.

"सांग."

"तुम्हीच शिकवलंत, आधी हात कुणाचे लागले ते लिहा. मळेवाल्यांचे हात कापसाला लागलेच नव्हते. संदेशदादाचे आणि आक्कांचे लागतात. तुम्ही भाव आधी लिहिलात, सर. या पानाचे मार्क कापायला पाहिजेत."

सरांनी फळ्याकडे तोंड फिरवलं.

"मग त्या देशाने काय केलं?" त्यांनी न वळताच विचारलं.

"तडजोड. जकात ठेवली, पण वर्षावर्षाने कमी करत नेली. कारखाने सावरायला वेळ मिळाला आणि दक्षिणेचाही मान राहिला." हे उत्तर लिहिणाऱ्याला सर दरवर्षी कमी मार्क द्यायचे. तडजोडीला ते 'भित्र्यांचं गणित' म्हणायचे. "पण सर, पुढे तो देश फुटलाच ना? युद्ध झालंच."

तेव्हा ते वळले. "फुटला, कारण त्यांचं खरं भांडण जकातीचं नव्हतंच. माणसांना गुलाम ठेवण्याचं होतं, आणि त्याला कुणी हात लावला नाही. आपलं भांडण फक्त जकातीचं आहे गं. ते मिटेल." आणि हजेरीपट काखेत मारून तास अर्धा टाकून गेले. असं त्यांनी आधी कधीच केलं नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी सभा बोलावली. दोन्ही इमारतींची, चौकात. कुलपाची किल्ली आधी संदेशच्या हातात दिली, मग बोलले. भाषण नव्हतं, चार वाक्यं होती. जकात या वर्षी अर्धी, पुढच्या दिवाळीला त्याहून कमी, आणि चौथ्या दिवाळीला शून्य. तोवर पुढच्या बायकांनी आपला माल बाजारात टिकेल असा करायचा, आणि संदेशने दादरच्या जागेवर एका काठीला चाळीचे कागदी कंदीलही टांगून विकायचे. शिवाय आपण मागच्या इमारतीला जे बोललो ते चुकीचं होतं, इतिहासाच्या हिशोबानेही आणि माणुसकीच्याही, असं म्हणून त्यांनी सर्वांसमोर हात जोडले.

आमचे सेक्रेटरी कुत्सितपणे म्हणाले, "म्हणजे सर, हरलात की!"

"हरलो," सर म्हणाले. "चाळ एक राहिली ना?"

असा माणूस मी नंतर पाहिला नाही, सरळ सांगते. मोठमोठ्या परिषदांना जाऊन आले. चूक कबूल करायची वेळ आली की विद्वान माणसं तळटिपा शोधायला लागतात. माझ्या सरांनी चौकात, खळीच्या पातेल्याशेजारी उभं राहून, वडापाववर काढलेल्या दिवसांनी खंगलेल्या आवाजात ती कबूल केली.

पुठ्ठा उतरला. संदेशने खोकी उचलली. त्या वर्षी गॅलऱ्यांना पहिल्यांदाच दोन तऱ्हेचे कंदील लागले, आणि खरं सांगायचं तर काही वाईट दिसत नव्हते. पण आक्का त्या सभेला आली नव्हती. तिच्या खोलीचं दार बंदच होतं. डबाही आला नाही.

भाऊबीजेच्या सकाळी सर दहा वाजता खाली उतरले. इस्त्रीचा शर्ट, हातात आईने केलेला कागदी कंदील. चौकाच्या मधोमध येऊन थांबले. दोन्ही इमारतींच्या गॅलऱ्या भरल्या होत्या, पण प्रत्येकजण कपडे वाळत घालतोय असं दाखवत होता. मी आणि आई कठड्याला धरून उभ्या होतो. सरांना 'येव नको' सांगितलं होतं. ते परत फिरतील असं एकदा वाटलं. मग ते चालायला लागले आणि आक्काच्या दारासमोर जाऊन उभे राहिले. कडी वाजवली नाही.

दार उघडलं. आक्काच्या हातात ताम्हन होतं, निरांजन आधीच लावलेलं. आत पाट मांडलेला दिसत होता. म्हणजे बाई सकाळपासून वाट बघत होती तर! पण ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"थांब," ती म्हणाली. "भायरसून इलेलो माल. जकात पडतली."

सरांनी मान खाली घातली. "किती?"

आक्काने त्यांच्या घसरलेल्या घड्याळाकडे बघितलं, वडापाव खाऊन खप्पड झालेल्या गालांकडे बघितलं. "तुमची ती दरवर्षी कमी होता ना? माझी होवची नाय. दरवर्षी भाऊबीजेक येवक होया."

आणि ती उंबऱ्यातून बाजूला झाली. सरांनी खिशातला रुमाल काढून डोक्यावर घेतला आणि पाटावर जाऊन बसले. अमेरिकेचा एक शब्दही काढला नाही.